बेळ्ळंदूरचा फेस कुणाचा?

बंगळूरमधल्या मारतहळ्ळीच्या एका अंगाला बेळ्ळंदूर तलाव, दुसऱ्या अंगाला वर्तूर. मे २०१५ मध्ये बेळ्ळंदूरच्या फेसानं चक्क पेट घेतला. जानेवारी २०१८ मध्ये तलावात पुन्हा आग भडकली, तेव्हा विझवायला लष्कराचे जवान उतरले. या पाण्याबद्दलच्या काही समजुती मात्र अजून तशाच आहेत.

गैरसमज : फेस कारखान्यांच्या रसायनांचा.
वस्तुस्थिती : कारखान्यांचा वाटा आहेच, पण तलावात येणारं बहुतेक पाणी घरगुती सांडपाणी. कपड्या-भांड्यांच्या साबणातले फेसाळ घटक गाळात साठतात. पावसात पाणी वाढून सांडव्यावरून कोसळलं की घुसळण होते आणि फेस रस्त्यावर येतो.

गैरसमज : प्रदूषण नियंत्रण मंडळ दिल्लीहून चालतं.
वस्तुस्थिती : राज्याचं मंडळ राज्यच चालवतं, कारण पाणी हा राज्यांचा विषय. म्हणूनच संसदेनं १९७४ चा जल कायदा राज्यांच्या ठरावांवरून केला. सुरुवातीच्या राज्यांत कर्नाटक होतं, महाराष्ट्र नव्हता. त्याचा स्वतःचा कायदा १९६९ पासूनच होता. केंद्राचा कायदा त्यानं १९८१ मध्ये स्वीकारला.

गैरसमज : तलाव साफ करणं मंडळाचं काम.
वस्तुस्थिती : मंडळ राखणदार आहे. ते संमतीपत्र देतं, पाण्याचे नमुने तपासतं, नोटीस बजावतं. जल कायद्याच्या कलम ३३-अ खाली प्रदूषण करणाऱ्याचं वीज-पाणी तोडायला लावू शकतं. सांडपाणी वाहून नेऊन शुद्ध करणं शहराच्या जलमंडळाकडे, तर गाळ काढण्याचं काम विकास प्राधिकरणाकडे. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं राज्य सरकारला ५० कोटी आणि महानगरपालिकेला २५ कोटी रुपये भरायला सांगितले, ते उगाच नव्हे.

गैरसमज : सोसायटीत एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) आहे, आपण सुटलो.
वस्तुस्थिती : एसटीपीत घाण खातात ते जिवाणू, आणि त्यांना सतत हवा लागते. वीजबिल वाचवायला ही हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की जिवाणू मरतात, पाणी आलं तसंच नाल्यात जातं. घाण पाणी सोडायला जल कायद्याच्या कलम २४ ची मनाई कारखान्याला आहे तशी सोसायटीलाही आहे.

पुढच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या वादाआधी तीन गोष्टी विचाराव्यात : संमतीपत्राची मुदत कधी संपते? ब्लोअर रोज किती तास चालतो? पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल कुठे आहे? आपलं पाणी वर्तूरपाशी थांबत नाही. दक्षिण पिनाकिनी नदीतून ते तमिळनाडूच्या शेतांपर्यंत जातं.