किकवीपर्यंत एक अल्बम

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या मेलमध्ये दोन गोष्टी हमखास येऊन पडतात. एक अप्रेझलचा फॉर्म आणि दुसरी 'बेस्ट ऑफ द इयर'ची कुठली तरी यादी. आमच्या टीममधला एक जण दीड वर्ष स्टॉकहोमला ऑनसाइट राहून आला. तेव्हापासून दर वर्षी आम्हाला त्याची यादी येते : या वर्षीचे टॉप टेन नॉर्डिक अल्बम्स. नॉर्डिक म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड. कव्हरवर बर्फ, धुकं, एखादं एकटं झाड. नावं अशी की वाचतानाच बोबडी वळावी. आम्ही सगळे 'कूल! थँक्स यार!' असा रिप्लाय टाकतो, यादी सेव्ह करतो आणि ऐकत कोणीच नाही.

खोटं कशाला बोलू, मीही त्यातलीच. ऐकायचं म्हणजे काय, तर कानात इअरफोन, समोर एक्सेल शीट आणि गाण्याने अर्ध्या मिनिटात पकडलं नाही तर नेक्स्ट! अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही शेवटचा कधी ऐकला होता? आठवा बघू. मला तर थेट कॅसेटची ए साइड-बी साइडच आठवली.

तिकडे मात्र अख्ख्या अल्बमचं अजून भलतंच कौतुक आहे. २०१० मध्ये 'नॉर्डिक म्युझिक प्राइझ' सुरू झालं. या सगळ्या देशांतून वर्षाचा एक बेस्ट अल्बम निवडायचा. अल्बम, सुटं गाणं नव्हे. पहिल्या वर्षी तो मान मिळाला आइसलँडच्या योन्सीच्या 'गो'ला. २०१२ मध्ये 'फर्स्ट एड किट' या स्वीडिश बहिणींच्या 'द लायन्स रोअर'ला. २०१३ मध्ये पुन्हा स्वीडन आणि पुन्हा भावंडंच : 'द नाइफ'. २०१४ मध्ये मिरेल वॅग्नर. इथिओपियात जन्मलेली, फिनलंडमध्ये वाढलेली. तिच्याकडे एक गिटार आणि एक आवाज, बाकी जवळपास काही नाही. रात्री एकटं असताना ऐकू नका, एवढंच सांगते.

तर प्रश्न असा, की सलग पाऊण तास आणायचा कुठून? मला तो सापडला किकवीच्या रस्त्यावर.

किकवी हे आमचं गाव. भोर तालुक्यात, पुणे-सातारा हायवेला लागूनच. महाबळेश्वरला जाताना तुम्ही ते शंभरदा मागे टाकलं असेल, थांबला मात्र नसाल. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडायचं, खेड शिवापूरचा टोलनाका, नसरापूर फाटा, कापूरहोळ, आणि मग नीरा नदी यायच्या आत किकवी. पुण्यातून चाळीसेक किलोमीटर. ट्रॅफिकने दगा दिला नाही, तर बरोब्बर एका अल्बमएवढं अंतर!

परवाच्या शनिवारी गाडीत अण्णा होते. माझे वडील. पुण्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा, टीव्ही बंद, पेपर बंद. अण्णांनी तीस वर्षं गावच्या भजनी मंडळात पखवाज आणि तबला वाजवलाय. बोटं दुखायला लागल्यावर दोन वर्षांपूर्वी तबला खोळीत घालून माळ्यावर ठेवला आणि त्यावर घरात कोणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम झाला. गाडीत आम्ही दोघं असलो की साधारण टायरमधली हवा आणि पेट्रोलचा भाव एवढंच बोलतो.

आधी मी लावला 'सिगुर रोस'. योन्सी याच बँडचा गायक. गिटारवर तो सारंगीसारखा गज फिरवतो. यांचा २००२ चा एक अल्बम आहे, ज्याला नावच नाही. कव्हरवर फक्त दोन कंस. गाण्यांनाही नावं नाहीत आणि शब्द कुठल्याच भाषेतले नाहीत, त्यांनीच मनाने बनवलेले. मला वाटलं, अण्णा आता वैतागणार. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "तराणा आहे का गं हा?"

मी गाडी चालवता चालवता हसले, पण अण्णांचं चुकलं कुठे? आपल्याकडे तराण्याला शब्दार्थ कोण विचारतं? अडचण वेगळीच होती. पाचव्या मिनिटाला अण्णा म्हणाले, "छान आहे, पण लय फार लांबवलीय. झोप येते." प्रामाणिक समीक्षा! बोगदा यायच्या आत मी अल्बम बदलला.

आता इथे मी माझ्या मित्राच्या यादीशी गद्दारी केली. या वर्षीचं काहीच न लावता थेट १९८७ ला गेले. अल्बमचं नाव 'मेकिंग म्युझिक'. म्युनिकची 'ईसीएम' नावाची कंपनी आहे, मान्फ्रेड आयखर यांनी १९६९ मध्ये काढलेली. ज्याला आपण आज 'नॉर्डिक साउंड' म्हणतो, म्हणजे दोन सुरांच्या मधली ती स्वच्छ, मोकळी शांतता, ती जगभर पोचवण्यात या कंपनीचा आणि ऑस्लोमधल्या यान एरिक कोंग्सहाउग या साउंड इंजिनिअरचा हात फार मोठा. डिसेंबर १९८६ मध्ये याच कोंग्सहाउगच्या रेनबो स्टुडिओत चार जण जमले. नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला यान गार्बारेक, गिटारवर जॉन मॅक्लॉफ्लिन, बासरीवर पंडित हरिप्रसाद चौरसिया आणि ज्यांच्या नावावर हा अल्बम आहे ते माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन. ड्रमसेट नाही, बास गिटार नाही.

टोलनाका आला, गेला. अण्णा गप्प. मग त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. जरा वेळाने म्हणाले, "हा हात ओळखीचा आहे."

"कोणाचा?"

"अगं, वाह ताजवाला. दुसऱ्या कोणाचा बायां असा बोलतो?"

अल्बममध्ये एकेक सुंदर गोष्टी आहेत. एका रचनेचं नाव 'टोनी', एकीचं 'अनिसा' : झाकीरभाईंची पत्नी आणि मुलगी. बाहेर ऑस्लोचा डिसेंबर, आणि आत माणूस घरच्यांची नावं घेऊन वाजवतोय. १५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले, त्या दिवशी अण्णांनी टीव्ही लावला नव्हता. हे मला आत्ता, गाडीत आठवलं.

"आणि ही सनई कोण वाजवतंय?" अण्णा.

ती सनई नव्हती, गार्बारेकचा सोप्रानो सॅक्सोफोन होता. पण आवाज तसाच : सरळ, धारदार, कंप जवळजवळ नाहीच. मी सांगितलं, की हा माणूस चौदा वर्षांचा असताना रेडिओवर जॉन कोल्ट्रेन ऐकून सॅक्सोफोनच्या नादाला लागला. आणि कोल्ट्रेन आपल्या संगीताचा एवढा भक्त, की मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. म्हणजे सूर भारतातून अमेरिकेत, तिथून रेडिओवर नॉर्वेत आणि तिथून आमच्या गाडीत. अण्णांना एवढा हिशेब पटला.

मग मी जरा शाइनिंग मारली. १९८५ मध्ये आलेला 'साँग फॉर एव्हरीवन' एल. शंकर यांचा. त्यात पुन्हा गार्बारेक, पुन्हा झाकीर, आणि जोडीला त्रिलोक गुर्टू. दोघे तालवाले १९५१ साली मुंबईतच जन्मलेले. "गुर्टू म्हणजे शोभाताईंचा?" अण्णांनी लगेच विचारलं. हो, शोभाताईंचाच. बेळगावच्या शिरोडकरांची भानुमती, म्हणजे ठुमरीवाल्या शोभा गुर्टू, यांचा मुलगा. पुढे हा मुलगा गार्बारेकच्या ग्रुपबरोबर वर्षानुवर्षं युरोप फिरला. आणि स्टॉकहोमचा 'मिंटा' हा बँड घ्या : तबल्यावर झाकीरभाईंचे धाकटे बंधू फझल कुरेशी आणि काही अल्बम्समध्ये चेंबूरचे शंकर महादेवन! आमचा ऑनसाइट मित्र दीड वर्ष तिथे राहून आला, पण त्याच्या यादीत मिंटा एकदाही नव्हता. सोमवारी विचारणार आहे.

वर्षाच्या यादीवर माझा राग नाही. नवं काय आलं, ते कळायलाच हवं. पण नॉर्डिक म्हणजे फक्त बर्फ आणि उदासी, असं वाटून तुम्ही पुढे गेला असाल, तर 'मेकिंग म्युझिक'पासून सुरुवात करा. आपल्या कानाला वाट तिथून सोपी आहे. आणि प्लीज, शफल बंद ठेवा!

कापूरहोळला सिग्नल नसतानाही गाड्या तुंबल्या होत्या. एरवी मी चिडले असते. किकवीत दारात गाडी लावली तेव्हा शेवटची रचना अर्धीच झाली होती. आई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभी. मी चावीला हात घातला, तर अण्णा म्हणाले, "थांब. वाजवणारा समेवर येऊ दे."

आईला वाटलं, यांना उतरता येत नाहीये. ती धावत आली. अण्णांनी तिला हातानेच थांबवलं.

संध्याकाळी आईचा फोन. मी तोवर पुण्यात पोचले होते. "माळ्यावरचा तबला काढ म्हणतायत. डॉक्टर म्हणाले ना, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही? सांग की त्यांना!" मागून अण्णांचा आवाज : "काढायला शेजारचा पोरगा येतोय. आणि तिला सांग, पंधरा दिवसांनी तपासणी आहे. जाताना तिचं लावू दे, येताना मी भीमसेन लावणार."