शेजारच्या दुकानात आपलाही शेअर

अमेरिकेच्या ईशान्य भागातलं व्हर्मांट हे डोंगराळ, दूधदुभत्याचं छोटं राज्य. तिथल्या बर्लिंग्टनमध्ये बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफील्ड या दोन मित्रांनी 1978 साली एका जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत आइस्क्रीमचं दुकान थाटलं. धंदा वाढला, मोठा कारखाना उभारायची वेळ आली आणि भांडवलाचा प्रश्न पडला. बड्या गुंतवणूकदारांच्या दारात न जाता 1984 मध्ये या दोघांनी शेअर काढले, तेही फक्त व्हर्मांटच्या रहिवाशांसाठी. किंमत साडेदहा डॉलर, किमान 12 शेअर, म्हणजे 126 डॉलरांत कुणालाही भागधारक होता येत होतं. दर शंभर कुटुंबांमागे साधारण एका कुटुंबाने शेअर घेतले आणि साडेसात लाख डॉलर उभे राहिले. एकाच राज्यातल्या कंपनीने त्याच राज्यातल्या लोकांकडून भांडवल उभारलं, तर केंद्रीय नोंदणीच्या खर्चिक सोपस्कारांतून सूट देणारी तरतूद अमेरिकेच्या कायद्यात होती. तिचाच त्यांनी उपयोग केला.

‘बेन अँड जेरीज’ पुढे देशभर पसरली, शेअर बाजारात नोंदली गेली आणि 2000 साली युनिलिव्हरने ती सुमारे 32 कोटी 60 लाख डॉलरना विकत घेतली. भागधारकांना शेअरमागे 43 डॉलर 60 सेंट मिळाले. पैशाच्या हिशेबात सौदा उत्तम होता, पण कंपनीची मालकी व्हर्मांटबाहेर गेली. ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त, आणि शेअर कुणालाही विकता येतो, अशी कंपनीची घडण असते. अशा घडणीत स्थानिक मालकी फार काळ टिकणं अवघडच.

इंग्लंडमध्ये यावर वेगळा तोडगा आहे. नॉर्थ यॉर्कशरमधल्या हडसवेल या लहानशा गावात ‘जॉर्ज अँड ड्रॅगन’ हा एकच पब होता. इंग्लंडच्या खेड्यात पब म्हणजे आपल्याकडची चावडी. तो 2008 मध्ये बंद पडला. गावकऱ्यांनी संस्था स्थापन केली, शेअर विकून आणि कर्ज-अनुदान जुळवून इमारत विकत घेतली आणि 2010 मध्ये दारं पुन्हा उघडली. इमारत संस्थेची, धंदा चालवणारा भाडेकरू, अशी व्यवस्था. पबमध्येच छोटं वाचनालय आलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं दुकान आलं, मागच्या जमिनीत भाजीचे वाफे आले. हाच पब 2016 साठी ब्रिटनमधला सर्वोत्तम पब ठरला.

अशा संस्थेचे शेअर बाजारात विकता येत नाहीत. पैसे हवे असतील तर ते संस्थेकडूनच परत मागायचे. संस्थेची परिस्थिती बरी असेल तर ते मिळतात, तेही घातलेल्या रकमेइतकेच. भाव वाढून नफा होण्याची सोयच नाही. वर माफक व्याज मिळू शकतं. कुणाचे 100 पौंड असोत वा 10 हजार, सभेत मत एकच. एखाद्या श्रीमंत माणसाने येऊन गावाचा पब गिळंकृत करायचा म्हटलं, तरी मतांच्या जोरावर ते जमत नाही. मला या रचनेतली ही बाजू सगळ्यांत मोलाची वाटते.

पण यात जोखीम खरीखुरी आहे. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या शहरातला धक्का 2010 मध्ये आगीत जळला. तो पुन्हा उभारणाऱ्या संस्थेला लॉटरी निधीतून मोठं अनुदान मिळालं आणि सुमारे तीन हजार लोकांनी शेअर घेऊन आपलाही हातभार लावला. धक्का 2016 मध्ये खुला झाला. पुढच्या वर्षी त्याला वास्तुकलेतला प्रतिष्ठेचा स्टर्लिंग पुरस्कारही मिळाला. त्यानंतर महिन्याभरातच संस्था आर्थिक डबघाईला आली आणि 2018 मध्ये धक्का एका व्यावसायिकाला विकला गेला. भागधारकांचे पैसे बुडाले. बँकेतल्या ठेवीला असतं तसं विम्याचं कवच अशा शेअरला नसतं. वास्तू देखणी असली म्हणून ती चालवायचा रोजचा खर्च निघतोच असं नाही, आणि पैसे घालण्यापूर्वी प्रत्येकाने तपासायचं ते नेमकं हेच.

अमेरिकेने पुढे या कल्पनेला ऑनलाइन वाट करून दिली. ओबामांनी 2012 मध्ये सही केलेल्या कायद्याचे नियम मे 2016 पासून लागू झाले. आता छोटा व्यवसाय नोंदणीकृत पोर्टलवरून वर्षाला 50 लाख डॉलरपर्यंत उभारू शकतो. ठरवलेलं लक्ष्य गाठलं नाही तर सगळ्यांचे पैसे परत. कमी उत्पन्नाच्या माणसालाही मज्जाव नाही, त्याने किती पैसे घालावेत यावर मात्र मर्यादा आहे.

आणि आपण? महाराष्ट्राला हे नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभा केला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. तो पैसा देणगीचा होता. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकऱ्यांनी भाग विकत घेतले आणि ते मालक झाले. आज मात्र ओळखीच्या माणसाच्या उपचारासाठी ऑनलाइन वर्गणी सहज देता येते, हजारो किलोमीटर दूरच्या कंपनीचा शेअर मोबाइलवर घेता येतो, पण कोपऱ्यावरच्या बेकरीने गल्लीतल्या पाचशे घरांना शेअर देऊ केले तर ते बेकायदा ठरतं. कंपनी कायद्यानुसार खासगी पद्धतीने एका आर्थिक वर्षात 200 हून अधिक लोकांना शेअर देऊ करता येत नाहीत आणि जाहिरातही करता येत नाही. ठेवी गोळा कराव्यात, तर 2019 चा अनियंत्रित ठेव योजनाबंदी कायदा आडवा येतो. फसव्या योजनांत किती कुटुंबं उद्ध्वस्त झाली हे पाहता हा कडकपणा अनाठायी नाही.

तरीही मधला मार्ग शक्य आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने जून 2014 मध्ये क्राउडफंडिंगवर, म्हणजे अनेकांकडून ऑनलाइन थोडं थोडं भांडवल उभारण्यावर, चर्चापत्र काढलं होतं. त्यात सामान्य गुंतवणूकदारासाठी वर्षाला किमान 10 लाखांच्या उत्पन्नाची अट सुचवली होती. म्हणजे त्या बेकरीत रोज पाव घेणारा रिक्षावालाच बाहेर. पुढे त्या चर्चापत्रातून नियमही आले नाहीत. सेबीने हा विषय पुन्हा हाती घ्यावा. उत्पन्नाची अट काढून दर माणशी रकमेची मर्यादा घालावी, नोंदणीकृत पोर्टल आणि लक्ष्य न गाठल्यास पैसे परत हे नियम आणावेत. तोवर ज्यांना गावात दूध डेअरी, गिरणी किंवा किराणा भांडार सामूहिक मालकीचं करायचं आहे, त्यांच्यासाठी 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आहेच. वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं एकत्र आली की संस्थेच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो.