नव्या गावात जेवायचं कुठे?

कोल्हापुरात नव्याने राहायला आलेला माणूस आधी मोबाइलवरचे तारे मोजतो. त्यांतले बरेच अंबाबाईचं दर्शन घेऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचे असतात. रोजचं गिऱ्हाईक सहसा शेरे लिहीत नाही, पुन्हा येतं. म्हणून खानावळ पारखावी ती आडवारी भर दुपारी. हमाल आणि बँकेतला कारकून एकाच बाकावर बसलेत, वाटीतला पांढरा रस्सा न मागता पुन्हा भरला जातोय, एवढं दिसलं तर खुशाल बसावं. गर्दी स्वस्ताईची असते, स्वच्छतेची नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण भराभर खपणारं अन्न शिळं व्हायला उरत नाही; बाकी खात्रीसाठी अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तो बघावा, जमल्यास मोरीही. मिसळीला मात्र सकाळीच जावं.