पाटीवरचं नाव

२०२३ चा सप्टेंबर आठवतो का? ६ तारखेला शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घ्यायचा निर्णय काढला, त्यातल्या पदांत शिक्षकही होते. १८ तारखेला सरकारी शाळा उद्योगांना आणि दानशूरांना दत्तक द्यायची योजना आली. २१ तारखेला शिक्षण आयुक्तांनी वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४,७८३ निघाल्या. गावोगाव एकच ओरड झाली, ‘सरकार शाळा विकायला निघालं.’

ओरड रास्त होती, पण उशिराची. विक्री त्या महिन्यात सुरू झालेली नव्हती.

नगर–संभाजीनगर रस्त्यावरच्या घोडेगावात विक्री कशी होते हे शेंबडं पोरही सांगेल. कांद्याचा ढीग समोर, शेतकरी शेजारी उभा, बोली सगळ्यांच्या कानावर. शाळेच्या बाबतीत अशी उघड बोली कधी झालीच नाही. दर दोन-चार वर्षांनी एक शासन निर्णय निघाला आणि शाळेतलं काहीतरी सरकारच्या अंगावरून उतरलं. आधी शिक्षक, मग खोल्या, मग पाटी, शेवटी पोरांच्या अंगावरचं कापड.

खासगी शाळेचं नगर जिल्ह्याला वावडं कधीच नव्हतं. सावित्रीबाई अध्यापनाचं शिक्षण घ्यायला नगरला सिंथिया फॅरारबाईंकडे आल्या, ती शाळा मिशनची. १९६४ मध्ये लोणीला प्रवरा पब्लिक स्कूल उभं राहिलं ते साखर कारखान्याच्या जोरावर. पुढे जवळजवळ प्रत्येक कारखान्याच्या सावलीत एक शिक्षण संस्था वाढली. त्यातल्या गावोगावच्या हायस्कुलांत संस्था पुढाऱ्याची आणि पगार सरकारचा, असा बराच काळ हिशेब होता. नोकऱ्या कुणाच्या पोरांना लागल्या, हा वेगळा लेख होईल. पण शिक्षकाचा पगार कुणी द्यायचा, याबद्दल वाद नव्हता. आणि पहिली ते चौथी, म्हणजे लोक अजूनही जिला ‘मराठी शाळा’ म्हणतात ती, १९६२ पासून जिल्हा परिषदेचीच होती.

हिशेब फिरला तो २००० साली. ‘शिक्षणसेवक’ आला आणि प्राथमिकच्या नव्या गुरुजीला तीन वर्षं महिना तीन हजारांवर राबायची पाळी आली. त्याचे सहा हजार व्हायला २०१२ उजाडलं, सोळा हजार व्हायला २०२३. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आलं. त्यातला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये खोडला, तरी अनुदान टप्प्याटप्प्यानेच झिरपत राहिलं आणि शिक्षकांची अर्धी उमर आझाद मैदानावर गेली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने नव्या शाळांना सांगितलं की काढा, चालवा, पैसे आमच्याकडे मागू नका. २०१७ च्या डिसेंबरात त्यात दुरुस्ती होऊन कंपन्यांनाही दार उघडलं. त्याच महिन्यात दहाच्या आतल्या पटाच्या सुमारे १,३०० सरकारी शाळा बंद करायचा निर्णय गाजत होता. एक दार उघडायचं, एक लावायचं, दोन्ही एकाच महिन्यात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरजवळ निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेची खोली पावसात कोसळली. तीन मुलं गेली. मग जिल्ह्यातल्या पडक्या खोल्यांची गणती झाली, आणि त्या बांधायला शिर्डीच्या साईबाबा संस्थानाकडे निधी मागावा लागला. देवस्थानाने दिलं ते चांगलंच केलं. पण ज्या जिल्ह्यात सहकाराचा एवढा डंका, तिथे पहिलीच्या वर्गाचं छप्पर भक्तांच्या दानपेटीतून यावं, याची लाज कुणाला वाटल्याचं दिसलं नाही.

दत्तक योजनेचा कागद मात्र नीट वाचण्यासारखा आहे. रोख पैसे नाहीत, वस्तू आणि सेवा द्यायच्या. शाळेच्या कारभारात ढवळाढवळ नाही. आणि देणगीदाराची इच्छा असेल तर शाळेच्या मूळ नावापुढे त्याने सुचवलेलं नाव लागेल. त्याचा दरही ठरला. मोठ्या महापालिकांत पाच वर्षांना दोन कोटी, दहा वर्षांना तीन कोटी. ग्रामीण शाळा स्वस्त, पाच वर्षांना पन्नास लाख, दहा वर्षांना एक कोटी.

‘गावाने नाही का शाळा बांधल्या लोकवर्गणीतून?’ असं योजनेचे समर्थक म्हणतात. बांधल्या. पण वर्गणी देणाऱ्याचं पोरगं त्याच शाळेत बसायचं. खोली गळली तर तो ग्रामसभेत मास्तरांना आणि सरपंचाला धारेवर धरायचा. त्याच्या नावाला मुदत नसायची, फार तर फरशीवर ते कोरलेलं असायचं. पाच वर्षांचं नाव घेणारा सहाव्या वर्षी कुठे असेल? नाशिक जिल्ह्यातली एक शाळा मद्यनिर्मिती कंपनीला दत्तक दिल्याचं शरद पवारांनी बोलून दाखवलं, तेव्हा लोक हसले. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गणवेशाचा किस्सा याहून बोलका. पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे एका गणवेशाचे तीनशे रुपये यायचे. समिती गावातल्या किंवा बाजारातल्या शिंप्याकडे जायची, मापं तिथेच व्हायची. मग ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. कापड वरून, एका गणवेशाची शिलाई बचत गटांकडून, दुसऱ्याचं नुसतं कापड शाळेकडे, त्याच्या शिलाईला शंभर आणि वर दहा रुपये. शंभर रुपयांत शर्ट-पँट शिवणारा शिंपी घोडेगावात शोधून दाखवावा. २०२४ चा १५ ऑगस्ट अनेक पोरांनी जुन्याच कपड्यांत साजरा केला. आले त्या गणवेशांत कुणाच्या बाह्या लांब, कुणाची पँट कमरेला बसेना. डिसेंबरात शासनाने खरेदी पुन्हा समित्यांकडे दिली.

मागे वळून पाहताना हे नोंदवलं पाहिजे की लोक बोलले किंवा न्यायालयात गेले तेव्हा निर्णय फिरले. खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय महिना-दीड महिन्यात रद्द झाला. सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला शिक्षणहक्क कायद्यातले पंचवीस टक्के प्रवेश माफ, ही फेब्रुवारी २०२४ मधली दुरुस्ती उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केली. शिक्षकदिनी, ५ सप्टेंबर २०२४ ला, लहान शाळांवर पंधरा हजारांचा कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय आला, पुढे तोही गुंडाळावा लागला.

पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. कांद्याला भाव मिळाला की पहिला हप्ता इंग्लिश मीडियमच्या फीचा, हे घोडेगावच्या परिसरात नवं नाही. सकाळी रस्त्याला पिवळ्या गाड्या लागतात. आपल्या शाळेतला मास्तर निवडणुकीच्या यादीत, ऑनलाइन माहिती भरण्यात आणि दोन-दोन वर्ग सांभाळण्यात अडकलेला त्यांना दिसतो. पट घटतो, पट घटला म्हणून संचमान्यतेत शिक्षक घटतो, आणि शिक्षक घटला म्हणून पट आणखी घटतो. हे चक्र गावाने सुरू केलेलं नाही.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला. पुढच्या ग्रामसभेत समितीचा जमाखर्च मोठ्याने वाचून घ्या. शाळेला कुणी काही देत असेल तर त्याचा करार मागा, त्यात मुदत किती आणि पाटीवर काय लागणार ते विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.