मृत जंतूंचा बखेडा

नागपुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याला जेथे चंद्रपूरचा फाटा फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव प्रवाशांना बहुधा घटकाभर विसाव्यापुरतेच ठाऊक असते. परंतु भारतातील कुष्ठसेवेचा नकाशा काढावयास कोणी बसला, तर या चौरस्त्याच्या आसपास त्याची लेखणी बराच वेळ घुटमळेल. पश्चिमेस वर्ध्यालगत मनोहर दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलेले दत्तपूरचे कुष्ठधाम आहे. त्याच अंगाला, जेथे कुष्ठरोगी परचुरे शास्त्र्यांची शुश्रूषा गांधींनी स्वतःच्या हातांनी केली, ते सेवाग्राम आहे. आणि दक्षिणेस, चंद्रपूरच्या याच फाट्याने गेले असता, वरोड्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन लागते. वर्ध्यासच १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि रोगी आपल्या दारी येण्याची वाट न पाहता गावोगाव पाहणी, लोकशिक्षण व उपचार करीत हिंडण्याची पद्धत तेथून रूढ झाली. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हा तो प्रथम अमलात आणणाऱ्या देशातील मोजक्या जिल्ह्यांत वर्ध्याची गणना झाली. या मुलखातील सेवाभावाची वाखाणणी पुष्कळ झाली, आणि ती यथार्थच होती. परंतु त्या सेवकांच्या हातांखालून जे शरीर जात होते, त्याच्या अंतरंगात काय घडते याची चर्चा मराठीत फारच थोडी झाली, हे मला नेहमीच उणेपणाचे वाटत आले आहे.

कुष्ठरोग्यांत वावरलेल्या कोणालाही परिचित असलेला अनुभव असा की, रोगी नेमाने औषध घेत असतो, चट्टे निवळू लागलेले असतात, आणि अकस्मात तेच चट्टे लालबुंद होऊन सुजतात, कोपरामागची नस ठणकू लागते, आणि थोड्याच दिवसांत करंगळी व तिच्या शेजारचे बोट सरळ होईनासे होते. आरोग्यसेवक म्हणतो, 'रिअ‍ॅक्शन आली'. रोगी म्हणतो, औषध बाधले, आणि गोळ्या टाकून देतो. त्याचा तर्क वरकरणी बिनतोड आहे आणि म्हणूनच घातक आहे. ज्यांच्या शरीरात जंतू विपुल असतात अशा रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांश, कित्येकदा त्याहूनही अधिक, लोकांना हा प्रसंग उपचारापूर्वी, उपचार चालू असता किंवा तो संपल्यावर केव्हा तरी भोगावा लागतो.

नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली शोधलेला हा जंतू स्वभावतः मंद आहे. एकाचे दोन व्हावयास त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. तो विष ओकत नाही. त्वचेतील भक्षक पेशींत आणि मज्जातंतूंना वेष्टणाऱ्या, थेओडोर श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशींत तो ठाण मांडून राहतो, आणि औषधाने मेला तरी त्याचे अवशेष वर्षानुवर्षे तेथेच पडून राहतात. चोर घरातच मरून पडला असता त्याला धरावयास आलेल्या शिबंदीने भिंती खणून काढाव्यात, तशी गत मग त्या मज्जातंतूची होते.

जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडणाऱ्या शरीराच्या या प्रतिकाराचे, म्हणजेच रिअ‍ॅक्शनचे, दोन प्रकार आहेत आणि त्यांची जात अगदी भिन्न आहे. रिडली व जॉप्लिंग यांनी १९६६ साली कुष्ठरोगाचे जे वर्गीकरण केले, त्यात एका टोकास जंतू अत्यल्प व पेशींचा प्रतिकार प्रबळ, तर दुसऱ्या टोकास जंतूंचा सुकाळ व प्रतिकार जवळजवळ शून्य, अशी मांडणी आहे. मधल्या पट्ट्यातील रोगी अस्थिर असतात आणि पहिल्या प्रकारची रिअ‍ॅक्शन मुख्यतः त्यांनाच येते. प्रतिकार करणाऱ्या निद्रिस्त टी-पेशी एकाएकी जागृत होतात, गॅमा इंटरफेरॉन नामक द्रव्य सोडून भक्षक पेशींना चेतवतात, आणि त्या पेशी टीएनएफसारखी दाहक द्रव्ये ओतू लागतात. श्वान पेशी जंतूंचे अंश आपल्या पृष्ठभागावर मांडतात व त्यामुळे स्वतःच टी-पेशींच्या माऱ्यास बळी पडतात, असेही प्रयोगशाळेत दिसून आले आहे. त्वचेस सुजावयास जागा असते; कोपराच्या वा गुडघ्याच्या अरुंद खोबणीतील नसेस ती नसते, म्हणून चट्टा ओसरतो आणि हाताचा पंजा मात्र वाकडा राहतो.

दुसरा प्रकार जंतूंनी बुजबुजलेल्या रोग्यांचा. त्यांच्या टी-पेशी या जंतूपुरत्या उदासीन असतात, प्रतिद्रव्ये मात्र उदंड असतात. पण जंतू पेशींच्या आत दडलेला असल्याने ती निष्फळ ठरतात. जंतू फुटून त्यांचे अवशेष बाहेर पडले की त्यांची व प्रतिद्रव्यांची संयुगे ऊतींत साचतात, न्यूट्रोफिल नामक पांढऱ्या पेशींचे लोंढे तेथे धावतात, आणि ज्वर, वेदनामय लाल गाठी, सांधेदुखी, डोळ्यांचा व वृषणांचा दाह असा सर्वांगीण उपद्रव सुरू होऊन तो महिनोन्‌महिने उलटत राहतो. १९६९ पासून ही उपपत्ती मान्य आहे, तथापि ती अपुरी आहे. कारण या रोग्यांतही टी-पेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. कुष्ठरोगाच्या प्रतिकारशास्त्राचा भारतात पाया घालणाऱ्या दिल्लीच्या डॉ. इंदिरा नाथ व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली दाखवून दिले की, दोन्ही प्रकारच्या रिअ‍ॅक्शनमध्ये दाह भडकवणाऱ्या टीएच-१७ जातीच्या पेशी वाढलेल्या, आणि इतरांस आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी घटलेल्या असतात. मला हा शोध विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे बखेड्याचे कारण चेतवणाऱ्यांच्या उत्साहाइतकेच आवरणाऱ्यांच्या गैरहजेरीतही शोधावे लागते.

उपाय आहेत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड उतरत्या मात्रेने कित्येक आठवडे दिल्यास, आणि नसेची शक्ती गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू झाल्यास, बळ परत येण्याची बरीच आशा असते. दुसऱ्या प्रकारावर थॅलिडोमाइड गुणकारी ठरते. गर्भातील बालकांना व्यंग आणल्यामुळे बदनाम झालेले हे औषध जेरुसलेमच्या डॉ. शेस्किन यांनी एका रोग्यास केवळ झोप यावी म्हणून दिले आणि गाठीच विरल्या. ते टीएनएफला आवरते, हे पुढे १९९१ साली उमगले. गर्भसंभव असलेल्या स्त्रियांस मात्र ते देता येत नाही.

२००५ च्या अखेरीस देशातील कुष्ठरोग्यांचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा रोग दप्तरातून जवळजवळ खारीज झाला. बहुविध औषधोपचाराची बारा महिन्यांची पाकिटे संपली की रोग्याच्या नावापुढेही 'रोगमुक्त' असा शेरा पडतो. शरीरातील अवशेषांना त्या शेऱ्याची खबर नसते. म्हणून ज्याने हे औषध कधीकाळी घेतले असेल, त्याचा चट्टा पुन्हा लाल झाला, नस दुखू लागली, पापणी मिटेनाशी झाली किंवा पाऊल लोंबू लागले, तर त्याने चालू गोळ्या बंद न करता त्याच दिवशी नजीकचा सरकारी दवाखाना गाठावा, आणि त्याच्या घरच्यांनी या कामी तिळमात्र हयगय करू नये.