लकवा झाल्यावर मेंदूचा किती भाग वाचवता येईल?



लकव्याचा रुग्ण दवाखान्यात आणला की डॉक्टर आधी विचारतात, "किती वाजता झालं?" त्याला कारण आहे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. रक्ताच्या गुठळीने मेंदूची मोठी वाहिनी बंद झाली, तर सरासरी दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचे, असा नियम पडला.

पण जो सकाळी उठला तोच हात-पाय लुळे पडलेला, त्याची वेळ कोणती धरायची? आणि ज्याच्या पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच दोन तास लागतात, त्याचे काय? गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा, आणि त्यांतले बहुतेक जण घरीच गेले. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

उशीर झाला म्हणजे सगळे संपले का? नेहमीच नाही. पाटाचे पाणी मध्येच तुटले तर सगळे वाफे एकदम वाळत नाहीत. काही जळून जातात. कडेच्या वाफ्यांना शेजारच्या शेतातून थोडा पाझर मिळतो, तिथली रोपे माना टाकतात पण मुळे जिवंत असतात. मेंदूतही तसेच होते. निरोगी मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते साधारण २० च्या खाली गेले की पेशी काम थांबवतात, १० च्या खाली गेले की लवकरच मरतात. या दोन आकड्यांच्या मधला जो उपाशी पण जिवंत पट्टा, त्याला 'पेनम्ब्रा' म्हणतात. ग्रहणातल्या उपच्छायेचेच हे नाव. हात हलत नाही म्हणजे हाताचा मेंदू मेलाच असे नाही. तो या पट्ट्यात असू शकतो.

परफ्यूजन स्कॅन हा पट्टा शोधतो. आधी साधा सीटी स्कॅन होतो, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर गुठळीचे इंजेक्शन घातक ठरते. मग हाताच्या शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात आणि यंत्र साधारण मिनिटभर मेंदूची पुन्हा पुन्हा चित्रे घेते. औषध कुठे वेळेवर पोहोचले, कुठे उशिरा, कुठे जवळजवळ नाहीच, यावरून संगणक रंगीत नकाशा काढतो. जिथे प्रवाह निरोगी भागाच्या ३० टक्क्यांहूनही कमी, तो भाग गेला असे धरतात. जिथे औषध सहा सेकंदांहून उशिरा पोहोचते पण प्रवाह तितका तुटलेला नाही, तो अजून हाती आहे.

अमेरिकेतील 'डिफ्यूज ३' या अभ्यासाने २०१८ मध्ये याचा उपयोग दाखवून दिला. लकवा होऊन ६ ते १६ तास उलटलेले १८२ रुग्ण त्यांनी अशा नकाशावरून निवडले. निम्म्यांची गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढली. तीन महिन्यांनी त्यांतले ४५ टक्के स्वतःचे स्वतः करू लागले होते. नुसत्या औषधांवर असलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. अर्थात हे निवडक रुग्ण. ज्यांचा बराच मेंदू आधीच गेला होता त्यांना यात घेतलेच नव्हते.

नकाशा म्हणजे अंदाज, हेही खरे. पहिल्या काही तासांत मेलेला दिसणारा भाग वाहिनी झटपट मोकळी केल्यास कधी कधी सावरतो. शिवाय औषधाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे लागते. ही सोय सगळीकडे नाही, पण त्यामुळे हातपाय गाळायचे कारण नाही. पहिल्या सहा तासांत बहुधा तिची गरजच पडत नाही. आणि नेदरलँड्समधील २०२३ च्या एका अभ्यासात तर उशिरा आलेले रुग्ण साध्या सीटी अँजिओग्राफीत आडवाटेचा रक्तप्रवाह पाहूनच निवडले होते. त्यांनाही गुठळी काढल्याचा फायदा झाला.

तोंड वाकडे झाले, एक हात पडला, बोबडी वळली, यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे आहे ते तेव्हाच विचारून घ्या. घरची ॲस्पिरिनची गोळी देऊ नका. रक्तस्राव आहे की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही. सोबत अशा माणसाला पाठवा, ज्याला रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ते ठाऊक आहे. झोपेत लकवा झाला असेल, तर रात्री अंथरुणाला पाठ टेकली तेव्हाची वेळ सांगायची, सकाळी उठल्याची नव्हे.