कान्हेरीच्या वाटेवर व्यापाऱ्यांचे जुने खाते
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची सायकलवरून सैर

आपला व्यापारी दिवसभर गादीवर बसतो आणि कारीगर दिवसभर ठिय्यावर. सुटीचा दिवस आला तर लग्न, मय्यत किंवा उधारीची वसुली. बागेत फिरणे म्हणजे बायका-मुलांचे काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. पण मुंबईच्या हद्दीत एक बाग अशी आहे की जिथे व्यापारी माणसाने एकदा तरी जावे, आणि तेही सायकलवरून. ही बाग म्हणजे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या डोंगरात आपल्याच पेशाचे दोन हजार वर्षांचे खाते खडकावर लिहिलेले आहे.

न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क जगप्रसिद्ध आहे. तिथे सायकल भाड्याने देणे आणि वाटाड्यासोबत बाग दाखवणे हा चांगला चालणारा धंदा आहे. त्या पार्कचे क्षेत्रफळ साडेतीन चौरस किलोमीटरही भरत नाही. आपले बोरिवलीचे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, म्हणजे त्याच्या तीसपट. एवढे जंगल महानगराच्या पोटात राहिलेले आहे. त्यातच विहार आणि तुळशी हे दोन तलाव. विहार १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली. मुंबईला नळाचे पाणी मिळाले ते प्रथम विहार तलावातून. पाणी राखायचे म्हणून भोवतालचे जंगल राखले गेले, आणि त्यातूनच पुढे हे उद्यान झाले. त्याला आजचे नाव १९८१ साली मिळाले.

नवीन पनवेलहून जायचे तर हार्बरच्या गाडीने कुर्ला, तिथून दादर आणि पश्चिम रेल्वेने बोरिवली. पूर्वेला उतरले की हमरस्त्यावरच उद्यानाचे मोठे फाटक आहे. पहिली गाडी पकडली तर ऊन चढण्याआधी सायकलवर बसता येते.

सायकल कशासाठी

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाजारातले सात जण मिळून गेलो. त्यात भिवंडीला यंत्रमाग चालवणारे एक शेठ होते, एक सुतार होते आणि आमच्या गल्लीतले सायकल दुरुस्तीचे उस्ताद होते. वाटाड्या म्हणून उद्यानातल्याच एका पाड्यावरचा वारली तरुण मिळाला. या जंगलात वारली लोकांचे पाडे जुने आहेत. त्याला प्रत्येक झाडाचे नाव ठाऊक. ऐन कोणता, साग कोणता, काटेसावरीला फूल कधी येते, सगळे सांगे. कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. इथे ती २०१६ साली फुलली आणि मग २०२४ साली. "काका, आता पुढची २०३२ ला," तो मला म्हणाला. आमच्या धंद्यात पुढच्या ईदचा अंदाज बांधता येत नाही, इथे झाडाचा आठ वर्षांचा वायदा ठरलेला.

फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. पायी गेलात तर अर्धा दिवस जातो आणि पन्नाशीच्या माणसाचे गुडघे बोलू लागतात. मोटारीतून गेलात तर काही दिसत नाही. सायकलवर वेग बेताचा राहतो, दहिसर नदीचा ओढा दिसतो, पाखरांचा आवाज येतो आणि वाटाड्या सांगतो ते ऐकूही येते. ही नदी तुळशीच्या तलावाकडून निघून उद्यानातून पुढे दहिसरकडे खाडीला जाते. शेवटचा टप्पा चढाचा आहे. तिथे उतरून सायकल ढकलण्यात काही कमीपणा नाही, आम्ही सर्वांनी ढकलली.

उस्तादांनी निघण्याआधी एकेक सायकल उलटी करून पाहिली. ब्रेकचे रबर, चेनचा ताण, चाकाचा डुग, हवा. ते म्हणाले, "चढताना पाय लागतो, उतरताना ब्रेक लागतो. माणूस पायाची काळजी करतो, ब्रेकची करत नाही." परतीच्या उतारावर त्या शब्दांची किंमत कळली. हे वाक्य मी उधारीच्या धंद्यालाही लावतो. माल चढवताना सगळे हुशार असतात, बाजार उतरताना हात आखडता घेणारा टिकतो.

खडकावर लिहिलेली नावे

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभापासून हजारएक वर्षे इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. इतके दगडकाम करायला पैसा कोठून आला, हा प्रश्न व्यापारी माणसाला आधी सुचतो. उत्तर भिंतीवरच आहे. ब्राह्मी लिपीतले लेख जागोजागी कोरलेले आहेत आणि विद्वानांनी ते वाचून छापलेले आहेत. राजेरजवाडे त्यात थोडे. पुष्कळसे देणगीदार व्यापारी आणि कारीगर आहेत, आणि त्यांची गावे म्हणजे कल्याण, सोपारा, चौल, नाशिक. म्हणजे आपलीच बाजारपेठ.

कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दिली, असा एक लेख आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या जवाहिऱ्याचे नाव दुसऱ्या लेखात आहे. सर्वांत मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातले आहे आणि त्याच्या देणगीदारांत गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांची नावे आहेत. आणि कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने पायवाट करून दिली, अशीही नोंद आहे.

हे ऐकून उस्ताद पायरीवरच बसले. त्यांचे दुकान बंद करण्याचा विचार घरात चालू आहे, मुलगा दुसरीकडे नोकरीला लागला आहे. ते म्हणाले, "राजाचे नाव पुस्तकात राहते. लोहाराचे नाव राहिले ते त्याने वाट दिली म्हणून." आमच्यातले कोणी काही बोलले नाही.

ही गावे त्या काळी किती मोठी पेठ होती याचा पुरावा परदेशी लोकांनीही दिला आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल यांची नावे येतात. तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथून साधे कापड आणि मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असेही तो लिहितो. पुढे इतिहासकार मसूदी हिजरी ३०४ मध्ये चौलला आला. अरब लोक त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले आहे. चौल आज आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. कान्हेरीच्या एका लेण्यात तर इसवी सन १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. या डोंगराशी संबंध आला नाही अशी कोकणातली व्यापारी जमात शोधावी लागेल.

कापडाचा हिसाब

मी कापडवाला. म्हणून माझे लक्ष एका गोष्टीवर अडकले. कान्हेरीच्या काही लेखांत भिक्खूंच्या वस्त्रांसाठी कायम ठेव लावून दिल्याची नोंद आहे. पावसाळ्यात जो भिक्खू लेण्यात राहील त्याला वस्त्रासाठी सोळा कार्षापण. कार्षापण हे त्या वेळचे नाणे. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. मूळ रकमेला हात लावायचा नाही, उत्पन्न नेमलेल्या कामालाच खर्च करायचे. वक्फची व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही.

अशी ठेव ठेवायची कोणाकडे? कान्हेरीत याचा खुलासा थोडा आहे, नाशिकच्या लेण्यांत मात्र पूर्ण हिसाबच आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे धंद्याची पंचायत. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेतून वीस भिक्खूंना दरसाल प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. आता बोटांवर मोजा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. पैशाचा फरक नाही. मुद्दल परत मागायची नाही, फक्त उत्पन्न घ्यायचे, हेही स्पष्ट लिहिले आहे. आणि हा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला, असेही त्यात आहे.

व्याजाचा प्रश्न आपल्यासाठी वेगळा आहे, तो इथे बाजूला ठेवू. मला विचार करायला लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. राजघराण्यातल्या माणसाला आपला पैसा कायमचा सुरक्षित राहील असे वाटले ते विणकरांकडे. सावकाराकडे नाही, सरदाराकडे नाही. हातमागावर बसणाऱ्या कारीगरांच्या पंचायतीकडे. ती अमानत त्यांच्याकडे आली याचे कारण त्यांची एकी होती, हिसाब उघडा होता आणि शब्दाला किंमत होती.

भिवंडीचे शेठ हे ऐकून हसले. म्हणाले, "आज आमच्या मागवाल्यांकडे कोणी तीन महिन्यांसाठी रक्कम ठेवील का, ते सांगा." प्रश्न कडू आहे पण खरा आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत लाखो माग चालतात. तरीही सूत उधार, कापड उधार, दलाल मध्ये, आणि एक पार्टी बुडाली की दहा घरांचा चुलीवर परिणाम. कौशल्य कमी पडत नाही. कमी पडते ती नोंद आणि एकी. कित्येक व्यवहार चिठ्ठीवर चालतात आणि चिठ्ठी हरवली की भांडण सुरू होते. दोन हजार वर्षांपूर्वीचे विणकर फलकावर लिहीत होते, आपण खिशात ठेवतो.

सायकलच्या धंद्याबद्दल थोडे

आता उस्तादांसारख्या कारीगरांसाठी दोन शब्द. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने एकेकाळी गल्लोगल्ली होती आणि त्यांतली बरीच आपल्या लोकांची होती. मोटारसायकल आली आणि ती गेली. कारखान्यांनाही झळ बसली. अॅटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला, आणि नेमका तोच दिवस संयुक्त राष्ट्रांनी जागतिक सायकल दिन म्हणून ठरवलेला आहे.

पण धंदा मेला असे म्हणणे घाईचे होईल. तो जागा बदलतो आहे. नवीन पनवेल, खारघरच्या रुंद रस्त्यांवर रविवारी पहाटे गिअरच्या सायकली दिसतात. त्या चालवणारा माणूस डॉक्टर, इंजिनीअर, बँकवाला असतो. त्याला पंक्चर स्वतः काढता येत नाही आणि गिअर बसवता तर मुळीच येत नाही. जुन्या उस्तादाच्या हातात चाकाचा डुग काढण्याचे कसब आहे. त्याला गिअर, डिस्क ब्रेक आणि नव्या बेअरिंगची माहिती जोडली तर ते कसब पुन्हा चालेल. दुकानावर दरांचा फलक लावावा, कामाची पावती द्यावी. आजचा ग्राहक भाव कमी करण्यापेक्षा भरोसा शोधतो.

पनवेलकरांना बोरिवली लांब वाटत असेल तर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य गोवा रस्त्यावर दहा-बारा किलोमीटरवर आहे. ते १९६८ पासून अभयारण्य आहे. तिथेही जावे. मात्र हमरस्त्यावर अवजड वाहने धावतात, म्हणून मुलांना सायकलवर नेऊ नये.

जाणाऱ्यांसाठी सूचना

बोरिवलीचे उद्यान सोमवारी बंद असते. प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि कान्हेरीचे वेगळे. सायकलीचे भाडे आणि वेळा फाटकावर विचारून घ्याव्यात. पावसाळ्यात उतारावर रस्ता निसरडा होतो. जंगलात बिबट्यांचा वावर आहे, २०१५ च्या कॅमेऱ्याच्या मोजणीत ३५ आढळले होते. म्हणून ठरलेला रस्ता सोडू नये, एकटे मागे राहू नये आणि संध्याकाळ होण्याआधी बाहेर पडावे. माकडांना खायला घालू नये. ज्यांना साखरेचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून चढाचा भाग पायी करावा. वाटाड्या मात्र अवश्य घ्यावा. त्याच्याशिवाय लेणी म्हणजे नुसता दगड आहे, आणि त्याची रोजी त्या वाटेवरच आहे.

बाजार समित्यांनी आणि मागवाल्यांच्या संघटनांनी वर्षातून एकदा तरुण पोरांना तिथे न्यावे, अशी माझी सूचना आहे. त्यांना सोनाराची पोढी दाखवावी, लोहाराच्या वाटेबद्दल सांगावे, दोनशे चाळीसचा हिसाब त्यांच्याकडून करून घ्यावा. मग परत आल्यावर आपल्या संघटनेचा जमाखर्च एका फलकावर लिहून बाजारात लावावा. सुरुवात छोट्या रकमेने झाली तरी चालेल. ज्या बाजाराचा हिसाब सर्वांना दिसतो, त्या बाजाराकडे अमानत आपणहून येते.